दोन मिनिटांची परीक्षा, बावीस वर्षांचा परवाना

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीने आज मुंबईत चारचाकीचा परवाना काढला, तर तो तिच्या चाळिशीपर्यंत चालतो. मोटार वाहन कायद्याच्या चौदाव्या कलमात 2019 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून तिशीच्या आत परवाना काढणाऱ्याला थेट चाळीसाव्या वर्षापर्यंतची मुदत मिळते. म्हणजे बावीस वर्षं. या बावीस वर्षांत ती सायनच्या सर्कलला गाडी घालणार, साकीनाक्याला तिन्ही बाजूंनी अंगावर येणाऱ्या रिक्षांमधून वाट काढणार, शाळा सुटायच्या वेळी दादरच्या गल्ल्यांतून जाणार, भर पावसात मिलन सबवेच्या तोंडाशी थांबून पाणी किती चढलंय याचा अंदाज घेणार. हे सगळं तिला जमेल, अशी खात्री आपण एका परीक्षेच्या जोरावर देतो, आणि ती परीक्षा बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत उरकली जाते. नव्या चालकाकडून कागद कितीही मागा, माझी तक्रार नाही. पण त्याला गाडी चालवून दाखवायला लावा, रस्त्यावर आणि पुरेसा वेळ, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी मागतात काय ते पाहू. घरात कुणी नव्याने परवाना काढायला निघालं की निम्मा गोंधळ यातच असतो. चारचाकीसाठी आणि गिअरच्या दुचाकीसाठी वय 18 हवं. 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीला पालकांच्या संमतीने 16 चालतं. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, तब्येत ठीक असल्याचं आपणच भरून द्यायचं निवेदन, आणि चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र. शिकाऊ परवान्याची फी प्रत्येक वाहनप्रकाराला 150 रुपये, चाचणीचे 50. वाहतुकीची चिन्हं आणि नियम यांवर प्रश्न येतात, साठ टक्के उत्तरं बरोबर आली की लर्निंग मिळतं. जून 2021 पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे हे घरबसल्या करता येतं. मग निदान तीस दिवस थांबायचं आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या परवान्याची चाचणी द्यायची. तिचे 300 आणि कार्डाचे 200. राहता कुठे त्यावर आरटीओचं कुठलं कार्यालय, ताडदेव, अंधेरी, वडाळा की बोरिवली, ते ठरतं. शिकताना गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी पक्का परवानावाला माणूस बसलेला हवा. तोही असा बसलेला, की वेळ पडली तर त्याला गाडी थांबवता यावी.

यातली कागदांची बाजू गेल्या काही वर्षांत खरोखर सुधारली आहे. खिडकीपुढच्या रांगा, झेरॉक्सवर झेरॉक्स, ‘साहेब जेवायला गेलेत’, हे बरंच मागे पडलं, आणि ज्यांनी ते घडवलं त्यांचं कौतुक व्हायला हवं. मात्र सुधारणा झाली ती सगळी अर्जाची. चाचणी जिथे होती तिथेच आहे.

वाईट याचं वाटतं, की नियमात काहीच कमी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला पंधरावा नियम काढून वाचा. चाचणी देणाऱ्याला काय काय येतं हे पाहायचं, याची तिथे भली मोठी यादी आहे. निघण्याआधी आरसा नीट करतो का. सगळे गिअर टाकत सुरळीत वेग घेतो का, आणि रहदारी दाटली की पटकन खालच्या गिअरवर येतो का. चढावर गाडी थांबवून, मागे न घसरू देता पुन्हा सुरू करतो का. आरसा पाहून मग इशारा देऊन लेन बदलतो का. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो का. अचानक थांबवायला लागली तर थांबवतो का. आणि त्यात हेही आहे: सिग्नल नाही, पोलीस नाही, अशा झेब्रा क्रॉसिंगवर पायी जाणाऱ्याला आधी जाऊ देतो का.

हा शेवटचा मुद्दा मुंबईत किती मोलाचा आहे ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. या शहरात रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत सर्वात मोठा वाटा पायी चालणाऱ्यांचा आणि दुचाकीवाल्यांचा असतो. फुटपाथ एक तर खणलेला असतो नाहीतर दुकानांनी व्यापलेला, म्हणून माणसं रस्त्याच्या कडेने चालतात. कुर्ला स्टेशनातून बाहेर पडा किंवा लालबागला संध्याकाळी उभे राहा. हातात पिशवी आणि बोटाला पोर असलेली बाई गाड्यांना हात दाखवत रस्ता ओलांडताना दिसेल. तिच्यासाठी थांबायला शिकवणारं कुणी नव्या चालकाच्या आयुष्यात येतं का? घरात नाही, क्लासमध्ये नाही. आणि ज्या परीक्षेत ते पाहायचं असं नियम सांगतो, तिथे ते पाहिलं जाऊच शकत नाही, कारण ती परीक्षा होते त्या आखलेल्या पट्ट्यात पायी चालणारा माणूसच नसतो. चढही नसतो. पेडर रोडच्या चढावर मागे बस खेटून उभी असताना हँडब्रेक सोडत गाडी उचलणं हे इथलं रोजचं काम आहे. परीक्षेची जागा मात्र तळहातासारखी सपाट.

गेल्या वर्षी भाचीच्या चाचणीला तिच्यासोबत गेले होते. क्लासची गाडी, क्लासच्याच मुलांची रांग. डावीकडच्या सीटवर क्लासचे सर. या गाड्यांना त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, आणि शिकवताना तो असायलाच हवा. मी खिडकीशी उभी होते म्हणून मला दिसलं: सरांची सँडल त्यांच्या क्लचवर होती आणि पेडल अर्धं दाबलेलं होतं. निरीक्षक बाहेर, हातात कागद. गाडी सुटली, सरळ गेली, वळली, थोडी मागे आली, थांबली. ती बंद पडायचा प्रश्नच नव्हता. भाची उतरली, पुढचा मुलगा बसला. परतताना रिक्षात ती म्हणाली, “मावशी, यात मी काय चालवलं? गिअरसुद्धा सरांनीच टाकला.” ती पास झाली. कार्ड पोस्टाने घरी आलं. आता ते तिला विमानतळावर आणि बँकेत ओळखपत्र म्हणून उपयोगी पडतं. गाडीचं म्हणाल, तर तिच्या आईने तिला पुन्हा एकदा शिकवणी लावली आहे. मुंबईत अशी घरं असंख्य आहेत. परवाना आहे पण गाडी रस्त्यावर काढायची हिंमत नाही, अशांसाठी क्लासवाले वेगळी बॅच चालवतात आणि ती भरते. जी माणसं भीतीने गाडी काढत नाहीत ती निदान कुणाला धोका देत नाहीत. तोच परवाना खिशात घालून बेधडक निघणाऱ्यांचं काय?

मी त्या सरांना किंवा निरीक्षकांना एकट्यांनाच दोष देत नाही. दिवसभरात एवढी माणसं तपासायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? दिल्लीत काही अर्थतज्ज्ञांनी याच प्रश्नाचा अभ्यास केला होता, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. परवाना काढायला निघालेल्या 822 जणांचा त्यांनी माग ठेवला, आणि परवाना मिळाल्यावर आपल्या बाजूने त्यांची स्वतंत्र परीक्षा घेतली. परवाना मिळालेल्यांपैकी सुमारे 71 टक्के लोकांनी सरकारी चाचणी दिलीच नव्हती. स्वतंत्र परीक्षेत सुमारे 62 टक्के लोक गाडी चालवण्याच्या लायकीचे ठरले नाहीत. याहूनही मला अस्वस्थ करणारा निष्कर्ष वेगळा आहे. जे एजंटाकडे न जाता सरळ मार्गाने चाचणीला गेले, त्यांच्यातले बरेच जण नापास झाले, आणि त्यांच्या नापास होण्याचा त्यांच्या चालवण्याशी फारसा संबंध नव्हता. चांगलं चालवणाराही नापास, न येणाराही नापास.

मुंबई म्हणजे दिल्ली नव्हे, आणि तेव्हाचे दिवसही आता राहिले नाहीत. तरी या प्रकाराचं मूळ तिथे नेमकं दिसतं. चाचणी इतकी आखूड असली की तिच्यात कौशल्य दिसायला वावच राहत नाही. कौशल्य दिसत नसेल तर पास-नापासचा शेरा निरीक्षकाच्या मर्जीवर जातो. आणि जिथे शेरा मर्जीवर असतो तिथे एजंट लागतोच. आपण नेहमी म्हणतो, आधी एजंट हटवा म्हणजे परीक्षा नीट होईल. मला उलटं वाटतं. वीस मिनिटं रस्त्यावर गाडी चालवून दाखवलेल्या माणसाला नापास करायला निरीक्षकाला कारण लिहावं लागेल, आणि ज्याला चालवता येत नाही त्याला वीस मिनिटं झाकून ठेवणं कुठल्याही एजंटाला जमणार नाही. ब्रिटनमध्ये ही चाचणी साधारण चाळीस मिनिटं, खऱ्या रहदारीत होते, ती उगाच नाही.

यावर सरकारचं उत्तर तयार असतं: संगणकीकृत ट्रॅक. पुण्यात भोसरीला तसा आहे, आणखी ठिकाणी होत आहेत. सेन्सर पैसे खात नाही आणि ओळख दाखवत नाही, हे मोठंच आहे. गाडी ‘एच’ अक्षराच्या आकारात फिरवताना चाक रेघेला लागलं की लागलं. मुंबईतही असा ट्रॅक जरूर व्हावा. पण तो पहिली पायरी म्हणून. रेघ न ओलांडता गाडी मागे घेणं हे हाताचं कसब झालं. समोरच्या बसच्या आडून कुणीतरी धावत येईल हे आधीच ओळखून ब्रेकवर पाय नेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि माणसं जगतात किंवा मरतात ती या दुसऱ्या गोष्टीवर.

दुसरं उत्तर मला अधिक काळजीचं वाटतं. 7 जून 2021 च्या अधिसूचनेने अधिमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आली. हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत 29 तासांचं शिक्षण, त्यातले 8 तास वर्गात आणि 21 तास प्रत्यक्ष. अभ्यासक्रम उत्तम आहे. साध्या मोटार ट्रेनिंग स्कूलला नियमाने निदान दहा तास गाडी चालवून घ्यायची असते, आणि त्या दहा तासांचं ठरलेल्या दोन गल्ल्यांच्या फेऱ्यांत काय होतं ते शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यापुढे 21 तास म्हणजे खूपच. पण या केंद्रातून बाहेर पडणाऱ्याला आरटीओच्या चाचणीतून सूट आहे. फी घेणाऱ्या क्लासनेच दहावीचे पेपर तपासावेत, असा हा प्रकार झाला. केंद्र कितीही प्रामाणिक असो, नापास मुलांची संख्या वाढली की पुढच्या वर्षी त्याच्याकडे कोण जाईल? शिकवणारा आणि तपासणारा वेगळे असलेच पाहिजेत. शिवाय हलक्या वाहनांच्या केंद्रालासुद्धा एक एकर जागा लागते. मुंबईत एक मोकळा एकर कुठून आणणार? ही केंद्रं शहराबाहेरच उभी राहतील, आणि चेंबूरचा मुलगा जिथे आयुष्यभर गाडी चालवणार आहे तो रस्ता सोडून दुसरीकडेच शिकून येईल.

सरावाच्या जागेचा प्रश्न तर आपण कधी मांडलाच नाही. नवा चालक या शहरात हात बसवायला जातो कुठे? रविवारी सकाळी बीकेसीचे रुंद रस्ते, आरेतली वाट, नाहीतर पहाटे मरीन ड्राइव्ह. ज्याच्या घरी गाडी आहे आणि शेजारी बसायला काका किंवा बाबा आहेत, त्याचं कसंतरी भागतं. ज्याला उद्या दुसऱ्याची गाडी चालवून पोट भरायचं आहे, त्याच्याकडे क्लासचे तेवढे तास सोडले तर काहीच नसतं.

आणि इथेच सर्वात वजनदार आक्षेप उभा राहतो. परीक्षा कडक केली तर मार कुणाला बसेल? टेम्पो चालवायला निघालेल्या मुलाला, टॅक्सी धरू पाहणाऱ्याला. त्याचा एक दिवस बुडाला तरी घरी फरक पडतो. मी हा आक्षेप बाजूला सारत नाही. पण उलट बाजूही पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला 7,500 किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवायला परवान्यावर वेगळा शेरा लागत नाही. पोटासाठी गाडी चालवणाऱ्या लाखोंना यातून दिलासा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. मात्र त्यामुळे हलक्या वाहनाची ती एकच चाचणी घरच्या गाडीचीही झाली आणि टेम्पोचीही. तिचं वजन वाढलं. ती तकलादू राहिली तर अपघातात पहिला बळी कोण? टेम्पोचा चालकच, नाहीतर त्याच्यासारखाच कुणी पायी किंवा दुचाकीवर. गरिबाची सोय करायची तर चाचणी सोपी करून होणार नाही. पहिल्या खेपेला नापास झालेल्याची दुसरी चाचणी फुकट ठेवा, रविवारचे आणि संध्याकाळचे स्लॉट द्या. आज तीनदा नापास झालं की कायद्याने साठ दिवस थांबावं लागतं. त्या साठ दिवसांत त्याला शिकायला जागा आणि गाडी द्या.

9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्याला विजेवर चालणारी बेस्टची बस गर्दीत घुसली. खटल्याचं काय ते न्यायालय पाहील. पण साधी गाडी चालवत आलेल्या माणसाला ऑटोमॅटिक, विजेवरच्या मोठ्या बसचा सराव किती द्यायला हवा, हा प्रश्न त्या रात्रीनंतर सगळ्या शहराने विचारला. आपल्या परवान्याला हा फरक ठाऊकच नाही. ऑटोमॅटिकवर चाचणी दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी गिअरची गाडी घेऊन निघू शकतो, आणि उलटही. दोन्हीत पाय वेगळे वागतात. निदान कुठल्या गाडीवर चाचणी दिली तेवढी नोंद तरी कार्डावर हवी.

वयाच्या बाबतीत आपला कायदा आता कडक आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजारांचा दंड, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे 2024 मध्ये पुण्याला कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा सुरुवातीला त्या मुलाला जामिनाच्या अटीत 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. लोक खवळले ते बरोबरच होतं. पण सतराव्या वर्षी ज्याला गाडी द्यायची नाही, त्याला अठराव्या वाढदिवसानंतर महिन्याभरात एकट्याने एक्स्प्रेसवेच्या घाटात जायची मोकळीक मिळते, आणि मधल्या काळात त्याने एकही रात्र, एकही पाऊस रस्त्यावर पाहिलेला नसतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये शिकाऊ मुलाला नोंदवहीत 120 तास भरावे लागतात, त्यातले 20 रात्रीचे. आपल्याकडे एवढे तास मागणं अन्यायाचं होईल, कारण गाडीच घरोघरी नाही. पण तीस तास, त्यातले काही अंधारातले आणि जमलं तर पावसातले, एवढं मागायला हरकत नसावी. ते तीस दिवस आज नुसते वाट पाहण्यात जातात. पहिली दोन वर्षं गाडीवर नव्या चालकाची खूण असावी. ब्रिटनमध्ये पहिल्या दोन वर्षांत नियम मोडल्याचे सहा दंडगुण जमले की परवाना जातो आणि पुन्हा शिकाऊपासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे ई-चलन आहे, परवान्याची नोंद संगणकावर आहे. दोन्ही जोडायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही.

अडचण खरी आहे ती निरीक्षकांच्या संख्येची. वीस मिनिटांची चाचणी म्हटली तर एका निरीक्षकाच्या दिवसभरात पंधरा-वीसच जण होतील. प्रतीक्षा वाढेल. वाढू द्या. पासपोर्टला थांबतो, शाळेच्या प्रवेशाला थांबतो, तसं यालाही थांबू. आणि निरीक्षकांची भरती हा असा खर्च आहे, जो सरकारने वाहन करातून करायला कुणी नाही म्हणणार नाही. प्रत्येक चाचणीचं गाडीच्या आतून आणि बाहेरून चित्रण व्हावं. चाचणी घेताना निरीक्षक मागच्या सीटवर बसलेला असावा. शेजारी बसणाऱ्या सरांचे पाय कॅमेऱ्यात दिसावेत, आणि त्यांनी पेडलला पाय लावला की चाचणी तिथेच संपावी. कुठे चुकलं याचा कागद उमेदवाराच्या हाती पडावा. कुठल्या क्लासची किती मुलं पहिल्या खेपेला पास झाली, तो आकडा दर महिन्याला कार्यालयाच्या फळ्यावर लागावा. पोरांना क्लास लावताना आईबापांना एवढं कळलं तरी क्लासवाले दोन गल्ल्यांच्या फेऱ्या सोडून मुलांना खऱ्या रहदारीत काढतील.

यातल्या नव्या चालकाच्या खुणेला आणि दंडगुणांना कायदा बदलावा लागेल. चाचणी रस्त्यावर घ्यायला मात्र पंधरावा नियम पुरेसा आहे, परिवहन आयुक्तांनी तो चारही कार्यालयांना शब्दशः पाळायला सांगितला तरी झालं. चार ठिकाणी एकदम जमत नसेल तर वडाळ्याला सुरुवात करा. सकाळी लवकर, ठरलेल्या एका रस्त्यावर, सहा महिने. पास-नापासचे आकडे लोकांसमोर ठेवा, आणि मग अंधेरीला जा.